नाकोबाची साक्ष

पत्र कंपनीच्या लांबट पाकिटातून आलं आणि खाली मोठ्या साहेबांची पेनाने केलेली सही होती. रबरी शिक्का नव्हे, सही. ती पाहूनच नाकोबाने हात पुसून पत्र पुन्हा धरलं. एकोणीस वर्षांच्या नोकरीत साहेबांची सही त्याच्या वाट्याला दोनदाच आली होती. एकदा नोकरी कायम झाली तेव्हा, आणि एकदा प्रशस्तिपत्र मिळालं तेव्हा. ही तिसरी कशासाठी, हे कळायला त्याला पत्र दोनदा वाचावं लागलं. पंधरा दिवसांनी, शनिवारी सकाळी अकरा वाजता, नगरभवनात नव्या तेलवाहिनीवर जनसुनावणी होती आणि कंपनीच्या बाजूने त्याने पाच मिनिटं बोलायचं होतं.

"पाच मिनिटं?" बायको म्हणाली. "लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, माझ्याशी सलग पाच मिनिटं बोलला नाहीत कधी."

नाकोबा हे त्याचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. त्याचं काम सांगायला सोपं. बंदरातून शुद्धीकरण कारखान्याकडे कच्चं तेल नेणारा जुना पाइप जमिनीखाली कमरेइतक्या खोलीवरून गावाच्या कडेने जात होता. दर किलोमीटरला एक पिवळा खांब, खांबावर आकडा. तेवीसपासून एकतीसपर्यंतचे खांब नाकोबाचे. रोज सकाळी पाइपच्या पट्ट्यावरून चालत जायचं, कुणी खोदत नाही ना, माती खचली नाही ना, हे बघायचं आणि प्रत्येक खांबापाशी वाऱ्याकडे तोंड करून तीन लांब श्वास घ्यायचे. तेलाचा वास आला नाही तर वहीत वेळ टाकायची, पुढे 'ठीक' लिहायचं, सही ठोकायची. नाकासमोर चालणारा माणूस म्हणतात तो हाच. फक्त याला त्याचा पगार मिळत होता.

टोपणनाव पडलं ते नोकरीच्या नवव्या वर्षी. सव्विसाव्या खांबापाशी दुसऱ्याच श्वासाला त्याला काहीतरी खटकलं. नियंत्रण कक्षात फोन केला तर तिथली यंत्रं म्हणत होती, सगळं आलबेल. आलेला इंजिनियर चारदा हुंगून म्हणाला, तुम्हाला भास होतोय. नाकोबा मात्र तिथेच मांडी ठोकून बसला. खणल्याशिवाय उठत नाही म्हणाला. शेवटी खणलं, तर एका जोडावर केसाएवढी चीर होती आणि तिच्यातून तेल झिरपत होतं. इतकं थोडं की यंत्राला पत्ताच नाही. त्या दिवसापासून साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्याला नाकोबा म्हणू लागले आणि त्यालाही, खरं सांगायचं तर, ते आवडायचं.

आता नव्या पाइपचं. जुन्याच्या तिप्पट रुंदीचा पाइप त्याच पट्ट्यातून यायचा होता आणि पुढे गाव ज्या तलावाचं पाणी पितं त्याच्या तळाखालून जायचा होता. सात महिने गावाला दुसरा विषय नव्हता. एक बाजू म्हणे, गेल्या वर्षी चौकात टँकर उलटून पेटला आणि दोन माणसं गेली, ती विसरलात का? पाइप आला की टँकर बंद, शिवाय पंपघरात दोनशे माणसांना काम. दुसरी बाजू म्हणे, दोनशे माणसांना काम आणि चाळीस हजार माणसांना तेलाचं पाणी. हिशेब तुम्हीच करा. मूर्ख दोन्हीकडे होते, पण दोन्ही बाजू मूर्ख नव्हत्या, आणि खरी अडचण तीच होती. न्हाव्याने आरशावर पाटी लावली, 'वस्तरा मानेवर असताना पाइपवर बोलू नये.' नगरपरिषदेत सतरा सभासद. आठ इकडे, आठ तिकडे, आणि सतरावी औषधाच्या दुकानाची मालकीण. ती म्हणाली, मी सुनावणी ऐकेन आणि मग हात वर करेन. तेव्हापासून दोन्ही बाजूंच्या लोकांना अचानक डोकेदुखी होऊ लागली आणि तिच्या दुकानात रांग लागू लागली.

नाकोबाचा जावई वेल्डर होता. नव्या पाइपवर त्याला कायमची नोकरी मिळणार, असं तोंडी ठरलं होतं. लेकीला आठवा महिना होता. असा सगळा घरचा मामला कंपनीच्या बाजूचा, आणि त्यात साहेबांची सही. दुसरा कोणी असता तर शिंप्याकडे जाऊन नवा शर्ट शिवायला टाकला असता. नाकोबाची मात्र झोप उडाली, कारण त्याला दोन वर्षांपासून कसलाच वास येत नव्हता.

ताप आला होता, साधाच. आठ दिवसांनी तो उतरला आणि जाताना नाक घेऊन गेला. पहिल्यांदा कळलं ते घरात. तो स्वयंपाकघरात पेपर वाचत बसला होता आणि हाताच्या अंतरावर दूध जळून कोळसा झालं. "आणि म्हणे नाकोबा!" बायकोने भांडं आपटलं. "सर्दी झालीय," तो म्हणाला. ती सर्दी दोन वर्षं चालू होती. घरात खिशात रुमाल ठेवायचा, मधूनच नाक ओढायचं. कंपनीत मात्र उलट. तिथे शिंक आली तरी दाबायची, कारण ज्याचं नाक बंद तो गस्तीवरून बंद. शेजारच्या शहरात जाऊन तो गुपचूप डॉक्टरला भेटला. डॉक्टर म्हणाले, नस गेलीय, येईल परत कदाचित, नाहीही येणार. तेव्हा सांगायला हवं होतं. पण तेव्हा लेकीचं लग्न ठरत होतं, मग राहतं घर कंपनीचं होतं, मग जावयाचं बोलणं चालू झालं. भीतीला कारण लागतं आणि नाकोबाला ती एकामागून एक मिळत गेली.

म्हणून त्याने युक्त्या केल्या. गवत कुठे पिवळं पडलंय, मुंग्यांनी वारूळ सोडलंय का, डबक्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग आहे का, हे तो डोळे ताणून बघू लागला. वाटेत गुराखी किंवा सायकलवाला भेटला की हसत विचारायचा, "काय, वासबीस येतोय का काही?" लोकांना वाटे, नाकोबा मस्करी करतोय. आणि प्रत्येक खांबापाशी, कुणी बघत असो नसो, तो वाऱ्याकडे तोंड करून तीन श्वास घेई आणि वहीत 'ठीक' लिही. दोन वर्षांत एकदाही तो शब्द लिहून झाल्यावर त्याने परत वाचला नाही.

सुनावणीला आठवडा उरला तेव्हा कंपनीच्या जनसंपर्क विभागातल्या मॅडम घरी आल्या. हसतमुख, चुणचुणीत बाई. चहा घेता घेता म्हणाल्या, "काका, भाषण नकोच. आपण प्रात्यक्षिक करू. तीन बाटल्यांत पाणी. एकीत कच्च्या तेलाचा एकच थेंब. तुम्ही वास घ्यायचा आणि लोकांसमोर ती बाटली उचलून दाखवायची. बस! त्या कॉलेजात रसायन शिकवायच्या त्या बाई सारखं म्हणतात ना, की लहान गळती यंत्राला कळत नाही म्हणून? त्यांना हेच उत्तर."

"कुठली बाटली ते..." नाकोबाने कप खाली ठेवला.

"छे! मलासुद्धा माहीत नसणार. खरंखुरं व्हायला हवं ना."

तवंग दिसेल, असा एक आधार त्याच्या मनात आला. मॅडमनी तोही काढून घेतला. "बाटल्या तपकिरी काचेच्या आणल्यात," त्या म्हणाल्या, "म्हणजे कुणी फसवलं म्हणायला नको." नाकोबा हो म्हणाला. नाही म्हणायलाही कारण सांगावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, लेकीने बोलावलं. ती गावाबाहेरच्या उतारावरच्या वसाहतीत राहत होती, एकोणतिसाव्या खांबाच्या खालच्या अंगाला. वसाहतीत नळ होते, पण टोकाच्या चार घरांपर्यंत ते अजून पोचले नव्हते. तिथे बोअरचं पाणी. लेकीने त्याला खुर्चीवर बसवलं, दार लोटलं आणि एक भरलेला ग्लास पुढे केला.

"बाबा, याचा वास घेऊन सांगा बरं. मला दहाबारा दिवस झाले, पाण्याला तेलाचा वास येतोय. तोंडाशी नेलं की मळमळतं."

"जावई काय म्हणतात?"

"ते म्हणतात, पोटुशी बाईला भिंतीचाही वास येतो. शेजारची काकूपण हसली, म्हणाली, मला आठव्या महिन्यात नवऱ्याचा वास सहन होत नव्हता. असेल तसंच. पण मन मानत नाही. तुम्ही सांगा. तुम्ही नाही म्हणालात की मी गप्प बसते."

नाकोबाने ग्लास नाकाशी धरला आणि श्वास घेतला. काही नाही. पुन्हा घेतला. थंड हवा आत गेली, एवढंच. ग्लास उजेडाकडे धरला तर पाणी नितळ. सांगावं, आत्ता सांगावं, असं मनात आलं, आणि त्याच्याच पाठोपाठ साहेबांची सही, बाटल्या, जावयाची नोकरी, सगळं आलं. लेक तोंडाकडे बघत होती. लहानपणी पडून गुडघा फुटला की ती अशीच बघायची. बाबा 'काही नाही झालं' म्हणाला की रडणं थांबवायची.

"नाही गं," तो म्हणाला. "काही नाही."

"हुश्श!" ती म्हणाली आणि त्याच्या हातातून ग्लास घेऊन त्याच्यासमोर घटाघटा प्यायली. तिचा गळा वरखाली होताना त्याला दिसला. अडवायला त्याचा हात उठला होता, तो त्याने तिच्या डोक्यावरून फिरवला आणि खाली घेतला.

सोमवारी तो एकोणतिसाव्या खांबापाशी तासभर थांबला. गवत पिवळं होतं, पण उन्हाळ्यात सगळंच गवत पिवळं. गुडघे टेकून त्याने माती उकरली, बोटांवर चोळली, जिभेलाही लावली. खारट लागली, पण ती मातीची चव की त्याच्या घामाची, हे त्याला ठरवता येईना. वहीत 'ठीक'च्या जागी दोन शब्द लिहायचे होते, 'तपासणी हवी.' एवढं लिहिलं की यंत्रं येतील, खणतील, खरंखोटं बाहेर येईल. आणि सुनावणीला पाच दिवस असताना असलं लिहिणारा कोण, का लिहिलं, काय वास आला, कसा आला, हेही बाहेर येईल. मग त्याने 'ठीक' लिहिलं. मंगळवारी लिहिलं, बुधवारी लिहिलं. गुरुवारी लेकीला फोन केला आणि इकडचं तिकडचं बोलून विचारलं, "पाणी नळाचं मागवत जा ना काही दिवस?" ती हसली. "आता कशाला? तुम्ही सांगितल्यापासून वासच गेला बघा. म्हणजे येतो, पण मी म्हणते, येत नाही." नाकोबाने फोन ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन दार लावून बसला.

शनिवारी नगरभवनात पाय ठेवायला जागा नव्हती. डावीकडे विरोधक, उजवीकडे समर्थक, मधून वाट. व्यासपीठावर सतरा सभासद ओळीने, आणि टोकाला औषधवाली वही उघडून बसलेली. प्रत्येकाला पाच मिनिटं, मग घंटा. टँकरच्या आगीत ज्याचा भाऊ गेला तो बोलला आणि डावीकडच्यांनीही माना खाली घातल्या. मग रसायनच्या निवृत्त बाई काठी टेकत उठल्या. तलाव, नदी यातलं काही त्या बोलल्याच नाहीत. एवढंच म्हणाल्या, "कंपनीच्याच कागदांत लिहिलंय की शंभरात एक भाग तेल गळलं तरी यंत्राला कळत नाही. मग कुणाला कळणार, एवढं मला सांगा."

मोठे साहेब उठले. त्यांना हाच प्रश्न हवा होता. "आमच्या माणसाला कळणार," ते म्हणाले. "एकोणीस वर्षं हा माणूस रोज चालतोय. यंत्र चुकलं, तेव्हा हा चुकला नाही."

"आणि उद्या हाच चुकला तर?" औषधवालीने विचारलं.

"तुम्हीच बघा ना," साहेब म्हणाले आणि मॅडम तबक घेऊन आल्या.

टाळ्या पडल्या. नाकोबाच्या हातात कुणीतरी माइक दिला. पहिली बाटली उघडून त्याने नाकाशी नेली. काही नाही. दुसरी. काही नाही. तिसरीचं बूच काढताना ते बोटांतून निसटलं आणि टेबलावर गडगडत गेलं. मॅडमनी ते उचलून त्याला हसून दिलं. आता तिन्हींतली एक उचलायची. तीनात एक नशीब. चुकली तर सगळं संपलं, आणि बरोबर आली तर... आणि बरोबर आली तर सगळे त्याच्यावर विश्वास ठेवणार होते. कायमचा. या विचाराने त्याला पहिल्या भीतीपेक्षा जास्त भीती वाटली. सवयीने त्याने समोरच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, कुणाचं नाक आक्रसतंय का ते बघायला.

दुसऱ्या रांगेत बायको बसली होती आणि तिच्या शेजारी लेक. ती येणार हे त्याला माहीत नव्हतं. गर्दीने तिचा चेहरा लालबुंद झाला होता. बाबांनी पाहिलं म्हणून तिने हात हलवला, मग पिशवीतून घरची पाण्याची बाटली काढली, झाकण फिरवलं आणि तोंडाला लावायला वर केली.

"पिऊ नकोस!"

माइक तोंडाशी होता. आवाज भिंतींवर आदळून परत आला. नाकोबा व्यासपीठावरून खाली उतरला, उतरला कसला, धडपडला, आणि लोकांचे पाय तुडवत जाऊन त्याने लेकीच्या हातातली बाटली हिसकली. अर्धं पाणी तिच्या अंगावर सांडलं.

"बाबा! अहो काय झालं? तुम्हीच तर म्हणालात, काही नाही म्हणून!"

"मला वास येत नाही," तो म्हणाला. माइक अजून त्याच्या मुठीत होता, हे त्याच्या लक्षातच नव्हतं. चाळीस रांगांनी ते ऐकलं. "दोन वर्षं झाली. कसलाच येत नाही. वहीत लिहिलं ते सगळं खोटं आहे."

बायकोने तोंडावर हात घेतला. साहेबांनी मॅडमना तबक उचलायची खूण केली. मधली वाट ओलांडून रसायनच्या बाई आल्या, त्यांनी नाकोबाच्या हातून बाटली घेतली आणि वास घेतला. थांबून पुन्हा एकदा घेतला. झाकण घट्ट लावलं आणि बाटली लेकीला परत न देता व्यासपीठावर नेऊन औषधवालीसमोर ठेवली. तिने झाकण उघडलं आणि लगेच तोंड बाजूला केलं.

मग जो गोंधळ उठला तो विचारू नका. उजवीकडचे म्हणू लागले, एका माणसाचा दोष, पाइपचा काय. डावीकडचे टेबलं बडवू लागले. घंटा वाजत राहिली आणि ती कुणी ऐकेना. वसाहतीतली माणसं तर दाराकडे धावलीच, कारण त्यांच्या घरी पोरंबाळं होती आणि माठ भरलेले होते. नाकोबाला यातलं काही ऐकू आलं नाही. तो लेकीसमोर उभा होता आणि ती ओल्या कपड्यांनी बसल्या जागेवरून त्याच्याकडे बघत होती.

"तुम्ही सांगितल्यावर सहा दिवस प्याले मी ते," ती म्हणाली. "मग रविवारी तुम्ही ग्लास नाकाशी धरलात, दोनदा श्वास घेतलात, ते काय होतं?"

नाकोबाने तोंड उघडलं. घर, नोकरी, जावई, साहेब, सगळी कारणं त्याच्याकडे होती. दोन वर्षं तो ती सांभाळत आला होता. त्यातलं एकही या पोरीसमोर काढवेना.

"भीती वाटली गं," तो म्हणाला.

तिने दोन्ही हात पोटावर ठेवले.

"मलाही वाटत होती, बाबा," ती म्हणाली. "म्हणून तर तुम्हाला बोलावलं होतं."